रथसप्तमी ते पाडवा: पाच हजार रुपयांत घर आणि अंगण

आमच्या घरी दिवाळीची आवराआवर पाहुण्यांसाठी असते आणि पाडव्याची उन्हासाठी. पंचांगात वसंत ऋतू दोन महिन्यांचा असला, तरी पुण्यात तो पिंपळाला तांबूस पालवी फुटून ती हिरवी होईपर्यंतच्या थोड्या आठवड्यांतच आटोपतो, आणि त्यानंतर जे सुरू होते त्याला उन्हाळा म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे वसंतासाठी घर आणि बाग सज्ज करणे याचा आमच्याकडचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे: एप्रिल आणि मे महिन्यांच्या तापातून माणसे, भिंती आणि कुंड्या सुखरूप पार पडतील अशी व्यवस्था त्याआधीच लावून ठेवणे.

आमचे घर म्हणजे उपनगरातील एक जुने रो-हाउस. वर साडेचारशे चौरस फुटांची गच्ची, मागे चौदा बाय सहा फुटांचे अंगण आणि दुपारी दोननंतर तव्यासारखी तापणारी पश्चिमेची भिंत. घरात मी, यजमान आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. मी एका सहकारी बँकेत २६ वर्षे हिशेबाचे काम केले असल्याने खर्चाची वही ठेवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, आणि त्या वहीमुळेच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी आम्ही पाडव्याच्या आधीच्या शनिवारी-रविवारी सगळी कामे काढत असू आणि त्या दोन दिवसांत नऊ-दहा हजार रुपये सहज जात. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम वेळ चुकल्यामुळे गेलेली असे. जी वस्तू महिनाभर आधी फुकट मिळाली असती ती विकत आणलेली, जे झाड मरणारच होते ते फुलांना भुलून घेतलेले, आणि जे काम आम्हाला हळूहळू जमले असते त्यासाठी घाईने माणूस लावलेला. तेव्हापासून आम्ही ही कामे रथसप्तमीला सुरू करतो आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी थांबतो. माघ शुद्ध सप्तमी ते चैत्र शुद्ध प्रतिपदा हा अवधी साधारण साडेसात आठवड्यांचा असतो आणि मध्ये होळी येते. खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये. गेल्या वर्षी ती पाळली गेली, म्हणून हा वृत्तान्त लिहीत आहे.

पहिले काम मोगऱ्याचे, कारण ते लांबले तर वर्षाची फुले गेली. आमच्याकडे मोगऱ्याच्या चार कुंड्या आहेत. जानेवारीच्या अखेरीस त्यांचे पाणी आठ-दहा दिवस तोडायचे, मग जुनी पाने ओरबाडून काढायची, प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटायची, कुंडीतील वरची दोन-तीन इंच माती उकरून तिच्या जागी कुजलेले शेणखत घालायचे आणि पाणी पुन्हा सुरू करायचे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यांवर येतात, जुन्या काडीवर नाही, आणि हा ताण दिला नाही तर झाड नुसते पानांनी भरते. या सगळ्याला खर्च शेणखताचा. चाळीस किलोचे एक पोते दीडशे रुपयांना मिळाले, अशी दोन घेतली आणि ती सबंध बागेला पुरली. गुलाबाच्या बाबतीत मात्र हात आवरावा लागतो. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास करतात. मार्चमध्ये कात्री हातात असली की सगळेच कापावेसे वाटते, आणि तसे केले की कोवळे फुटवे ऐन उन्हात बाहेर येऊन करपतात. वाळलेली फुले आणि मेलेल्या काड्या तेवढ्या काढाव्यात.

माघ आणि फाल्गुन हे पानगळीचे महिने. आमच्या रस्त्यावर दोन मोठे शिरीष, एक पिंपळ आणि पाने लालभडक करून मगच गाळणारा एक देशी बदाम आहे. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी पानांचे ढीग लावतात आणि पूर्वी ते तिथेच पेटवले जात. उघड्यावर कचरा जाळण्यास कायद्याने मनाई आहे, परंतु त्याहून सोपा उपाय असा निघाला की मी मावशींना रिकामी पोती आणि रोज सकाळचा चहा दिला, व त्या पाने माझ्या फाटकाशी आणून ठेवू लागल्या. गेल्या वर्षी अकरा पोती भरली. त्यातील चार पोती पाने कुंड्यांवर आच्छादन म्हणून अंथरण्यासाठी बाजूला ठेवली आणि उरलेली अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या कोंबडीच्या जाळीचे वर्तुळ करून त्यात रचली. पानांचा वीतभर थर, त्यावर शेणाचे पाणी किंवा घरातील आंबट ताक, पुन्हा पाने, असे करत गेले आणि आठवड्यातून एकदा ढीग ओला केला की पावसाळ्याच्या मध्यापर्यंत त्याचे काळे, मऊ, मातीचा वास असलेले खत होते. सात पोत्यांचे जेमतेम एक पोते उरते, हे पहिल्या वर्षी पाहून मी खट्टू झाले होते. तथापि गेल्या वर्षी कुंड्या भरण्यासाठी मी विकतची माती अथवा कोकोपीट आणले नाही, कारण त्याआधीच्या वर्षीच्या पानगळीचे खत तयार होते. या प्रकारातील बचत एक वर्ष उशिराने हाती येते, एवढेच. नीलगिरीची पाने मात्र मी घेत नाही. ती लवकर कुजत नाहीत.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोगशील शेतकऱ्यांच्या प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडवण्याची आणि थोड्या जागेत भरपूर पिकवण्याची जी दृष्टी दिली, तिची कल्पना मला फार उशिरा आली. त्यांच्या हिशेबी काटेकोरपणापर्यंत मी पोहोचलेली नाही, पण पान ही फेकण्याची वस्तू नाही हे एकदा पटले की रस्त्याने चालताना नजरच बदलते. यजमानांच्या मते माझी नजर आता फक्त ढिगांवर असते.

फेब्रुवारीच्या मध्यास कुंड्या बदलण्याचे काम केले. जी झाडे पाणी घालताच क्षणात तळातून बाहेर सोडतात त्यांच्या मुळांनी कुंडी गच्च भरलेली असते, असा माझा ठोकताळा आहे. जास्वंद, कढीपत्ता आणि अनंत ही तिन्ही झाडे तशी झाली होती. मुळांचा बाहेरचा वेटोळा सुरीने कापून, साधारण दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग पानांचे खत या मिश्रणात ती पुन्हा लावली. नव्या कुंड्यांसाठी आम्ही एक पैसाही खर्च केला नाही. समोरच्या इमारतीचे रंगकाम चालू होते आणि तिथल्या मुकादमाने वीस लिटरचे सहा रिकामे डबे आनंदाने दिले. ते घासून धुऊन, तळाला आणि तळापासून इंचभर वर बाजूलाही भोके पाडून घेतले. मातीची कुंडी दिसायला कितीही सुंदर असली तरी उन्हाळ्यात तिच्या अंगातून पाणी उडून जाते, आणि भाजीपाल्यासाठी असा डबाच बरा. वाचकांपैकी कुणाला मातीच्याच कुंड्या हव्या असतील तर कसब्यातील कुंभारवाडा अजून आहे, आणि सवड असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरावे. तिथे लोखंडी स्टँड, झारी, जुने घमेले अशा गोष्टी घासाघीस करून मिळतात. मी तिथून एक पितळी झारी आणली होती, जी गळते. तरी ती मला आवडते, म्हणून तिचा हिशेब मी या पाच हजारांत धरत नाही.

ज्या चुकीने सर्वांत अधिक पैसे गेले ती सांगणे भाग आहे. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून आले की मनाला रंगांची झिंग चढते, आणि त्या भरात मी काही वर्षे फेब्रुवारीत पिटुनिया, डेलिया, अस्टर आणि पॅन्सी यांची फुललेली रोपे ट्रे भरून आणत असे. ही हिवाळी हंगामी झाडे आहेत. त्यांचे आयुष्य त्या वेळी संपत आलेले असते आणि मार्चच्या मध्यापर्यंत ती पिवळी पडतात. एका वर्षी मी बाराशे रुपयांची रोपे आणली आणि पाडव्याला त्यांतील एकही कुंडी दाराशी ठेवण्याजोगी नव्हती. आता मी प्रदर्शन डोळे भरून पाहते आणि रिकाम्या हाताने परतते. उन्हाळ्यासाठी सदाफुली, झिनिया, कॉसमॉस आणि चिनी गुलाब पुरेसे आहेत. चिनी गुलाबाला आमच्याकडे ऑफिस टाइम म्हणतात, कारण त्याची फुले नऊ-दहाला उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. शेजाऱ्यांकडून त्याचे चार तुकडे आणून ओल्या मातीत खोचले की महिन्याभरात कुंडी भरते. झिनियाचे बी मागच्या वर्षीच्या वाळलेल्या फुलांत आयते मिळते. फळझाडे किंवा मोठी रोपे तर मार्चमध्ये घेऊच नयेत. पहिल्या पावसानंतर लावलेले रोप आपले आपण रुजते, आणि तेच मार्चमध्ये लावले तर तीन महिने त्याच्याभोवती पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहावे लागते.

भाज्यांच्या बाबतीत वेळेचे गणित आणखी कडक आहे. उन्हाळी भेंडी, गवार, दोडका, काकडी यांचे बी फेब्रुवारीअखेरपर्यंत मातीत जायला हवे. परभणी क्रांती ही भेंडीची जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली आहे आणि पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ती चांगली तोंड देते. बी रात्रभर पाण्यात भिजवून लावले की आठवड्यात उगवते आणि दीड-पावणेदोन महिन्यांत पहिल्या भेंड्या मिळतात. चार पाकिटांचे मिळून ११० रुपये झाले. यांपैकी माझा खरा जीव दोडक्यात आहे, आणि तो भाजीसाठी नाही. पश्चिमेच्या भिंतीत शयनगृहाची खिडकी आहे. तिला बाहेरून पडदा लावायचा तर लोखंडी चौकट आणि बांबूची चटई यांचे साडेचार हजार सांगितले गेले होते. त्याऐवजी खिडकीखाली दोन डब्यांत प्रत्येकी दोन वेल लावले आणि डब्यापासून छज्जापर्यंत नायलॉनच्या दोरीचे वीतभर अंतराचे जाळे विणले. दोरी १२० रुपयांची. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टोकलेले बी पाडव्याच्या सुमारास खिडकीच्या मध्यापर्यंत पोहोचले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत खिडकीने हिरवा पडदा पूर्ण ओढून घेतला. आतील उजेड थोडा कमी झाला, परंतु दुपारी त्या खोलीत झोपता येऊ लागले. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. गच्च वस्तीत त्या वेळी भुंगे-मधमाश्या फारसे फिरकत नाहीत, म्हणून सासूबाई दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावतात. मादी फुलाच्या मागे बोटभर कोवळा दोडका असतो, त्यावरून ओळखावे. फळमाशी लागू नये म्हणून कोवळ्या फळाला वर्तमानपत्राची पिशवी बांधायची.

आता भिंती. दिवाळीत रंग देण्याची जी आपली परंपरा आहे तिच्याविषयी माझे मत बरे नाही. पावसाळ्यात भिंतीने प्यायलेले पाणी ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुकलेले नसते, आणि ओल असलेल्या भिंतीवर कितीही चांगला रंग दिला तरी तो पुढच्या पावसाळ्याच्या आत फुगून पोपडे धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र भिंत आतून कोरडी झालेली असते, खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि रंगही लवकर वाळतो. शिवाय त्या काळात रंगारी दिवाळीसारखा भाव खात नाही, पण आम्ही त्यालाही बोलावले नाही. संपूर्ण घर रंगवण्याचा हट्ट सोडून ज्या दोन भिंतींना लोणा लागला होता तेवढ्याच हाताळल्या. पोपडे खरवडले, आठ दिवस भिंत उघडी ठेवली, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला आणि डिस्टेंपरचे दोन हात दिले. सर्व मिळून ८५० रुपये. बाकी भिंती आम्ही कोमट पाण्यात थोडा साबण घालून स्पंजाने पुसल्या, आणि त्या निम्म्या नव्या झाल्या.

गच्चीला चुना देण्याचे काम होळीनंतर केले. तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत पंखा लावला की तो वरची गरम हवाच खाली ढकलतो, हा अनुभव वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, हे तत्त्व साधे आहे. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा सामना करण्यासाठी कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. बाजारात यासाठी तयार रंग मिळतात आणि ते अनेक वर्षे टिकतात, परंतु आमच्या गच्चीला त्याचे पाच आकडी अंदाजपत्रक आले होते. चुना एका उन्हाळ्यापुरता टिकतो, आणि आम्हाला तेवढेच हवे होते.

पंधरा किलो चुना ३०० रुपयांचा, त्यात मिसळायला फेविकॉल २४० रुपयांचे आणि दोन मोठे कुंचे १६० रुपयांचे. पहिल्या वर्षी माझे यात हसे झाले होते. भिजवलेला चुना कुंच्याने ओढला तर तो पाण्यासारखा, जवळजवळ पारदर्शक दिसतो. मला वाटले, पातळ झाला. म्हणून आणखी चुना घालून मी श्रीखंडासारखे दाट मिश्रण केले आणि जाड थर दिला. दोन दिवसांत त्याला भेगा पडल्या आणि पुढचे दोन महिने आमच्या पायांबरोबर तो चुना जिन्यावरून थेट देवघरापर्यंत आला. सासूबाई तेव्हा एवढेच म्हणाल्या, "अगं, चुना ओला असताना दिसत नाही, वाळल्यावर दिसतो. तेवढा धीर धरावा लागतो." त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातले आणि त्यांच्या लहानपणी दरवर्षी घराला चुना त्या स्वतः देत. तेव्हापासून आम्ही त्यांच्या पद्धतीने जातो. चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवायचा, सकाळी जुन्या साडीतून गाळायचा, ताकाइतका पातळ करायचा, फेविकॉल आणि चिमूटभर नीळ घालायची. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच संध्याकाळी पहिला हात द्यायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी आडवा दुसरा. कळीचा चुना आणला असेल तर तो विरताना पाणी अक्षरशः उकळते, म्हणून तो प्लास्टिकच्या बादलीत कधीही भिजवू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. आम्ही विरवलेली भुकटीच घेतो. तरीसुद्धा डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके आणि हातांना खोबरेल तेल हवेच. एक सूचना आणखी: तेलरंग किंवा प्लास्टिक पेंट दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. तो सिमेंटच्या उघड्या पृष्ठभागासाठीच आहे. चुना देण्यापूर्वी दुपारी तीन वाजता गच्चीवर अनवाणी दोन पावलेही टाकता येत नसत. आता कपडे वाळत घालून होईपर्यंत उभे राहता येते. माझ्याजवळ तापमापक नाही, हाच माझा पुरावा.

होळी दुसऱ्या एका कामासाठीही उपयोगी पडते. धुळवडीच्या सकाळी मी राख आणते, मात्र ज्या होळीत रंगवलेली फळकुटे, प्लायवूड किंवा प्लास्टिक जळले असेल तिची नाही. शेणाच्या गोवऱ्या आणि साधे लाकूड जाळलेल्या छोट्या होळीची राख चाळून ठेवली तर ती पालाश पुरवते आणि फुलझाडांना मानवते. प्रमाण मोठ्या कुंडीला एक मूठ, तेही वर्षातून एकदा. राख अल्कधर्मी असते आणि आपल्या भागातील काळी माती आधीच त्या अंगाची, त्यामुळे अधिक राख घातली की झाडाला लोह मिळेनासे होते आणि जास्वंदीची पाने शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडतात. फुकट मिळते म्हणून ओतावे असे नाही. उरलेली राख भांडी घासायला.

घरातल्या कामांविषयी फार लिहीत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत. गाद्या, उशा, गोधड्या होळीच्या आधीच्या कोरड्या उन्हात दोन-दोन दिवस तापवल्या. एक गादी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतली, ६०० रुपये. नवी गादी त्याच्या कितीतरी पट किमतीची आली असती आणि कापसाच्या गादीइतकी गार कधीच झाली नसती. गहू भरण्याचे डबे धुऊन उन्हात उपडे घातले. दोन पंखे मंद फिरत होते आणि यजमान नवे घेण्याच्या विचारात होते. पात्यांवरील धूळ जुन्या उशीच्या अभ्र्यात पाते घालून पुसली, म्हणजे ती खाली पडत नाही. तरीही वेग वाढला नाही, तेव्हा वायरमनने दोन्ही पंख्यांचे कंडेन्सर बदलून दिले. मजुरीसह ३५० रुपये. मंद झालेला छताचा पंखा बहुधा एवढ्याच दुखण्याचा असतो.

माठाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात माझ्या काटकसरीने मला तोंडघशी पाडले. आमचा जुना माठ पाणी गार करेनासा झाला होता. ३२० रुपयांचा नवा आणला, तो सासूबाईंनी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवला, दोन वेळा पाणी भरून ओतून दिले आणि मग ओल्या वाळूच्या बैठकीवर मांडला. जुना टाकवेना. झाडाच्या मुळाशी मातीचे मडके पुरून ते पाण्याने भरून ठेवले की पाणी हळूहळू झिरपते आणि मुळांना हवे तेवढेच मिळते, ही पद्धत जुनी आणि उत्तम आहे. म्हणून मी तो माठ अनंताच्या शेजारी मोठा खड्डा करून गळ्यापर्यंत पुरला आणि माझ्या हुशारीवर खूश झाले. पाच दिवसांनी झाकण काढून पाहिले तर पाणी तसूभरही कमी झालेले नव्हते आणि अनंताची पाने मान टाकून बसली होती. ज्या कारणाने माठ पाणी गार करीत नव्हता त्याच कारणाने तो झिरपतही नव्हता. आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षारांनी त्याची छिद्रे बुजली होती, हे मला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून सुचायला हवे होते. शेवटी कुंभारवाड्यातून प्रत्येकी चाळीस रुपयांची सहा छोटी, भाजलेली, विनारंगाची मडकी आणली. ती डब्यांत आणि अनंताजवळ पुरल्यावर तिसऱ्या दिवशी रिकामी होऊ लागली. जुना माठ अंगणातच आहे. त्यात पक्षी पाणी पितात, तेव्हा तो अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

पाण्याची काळजी मार्चपासूनच सुरू करावी लागते, कारण पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतील धरणांचा साठा उतरू लागला की पाणीकपातीच्या बातम्या येतात आणि त्या वेळी बाग ही कुणाच्याही यादीत शेवटी असते. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी आम्ही एका बादलीत साठवतो आणि त्यावर बारा-तेरा कुंड्या निघतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र झाडांना घालत नाही. त्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरावे. कुंड्यांवर दोन-तीन इंच कोरडी पाने अंथरली की दिवसाआड पाणी पुरते. सावलीसाठी निम्मे ऊन अडवणारी, ५० टक्क्यांची हिरवी जाळी ५६० रुपयांना आणली, ती गच्चीच्या अर्ध्याच भागावर बांधली. पालक, कोथिंबीर, तांदुळजा आणि शोभेची पानांची झाडे तिच्याखाली. मोगरा, भेंडी आणि चिनी गुलाब यांना ऊन हवेच असते, त्यांना सावलीत ढकलणे ही दया नव्हे.

किडींमध्ये या काळात पिठ्या ढेकूण सर्वांत वाईट. कोरडी उष्ण हवा सुरू झाली की जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागतो. खोडावरून मुंग्यांची रांग चालली असेल तर समजावे की तो येतो आहे, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला जपतात. भरलेला शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकावा, खताच्या ढिगात नको. बाकीवर पाण्याचा जोरदार फवारा, आणि संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण नीट घुसळून फवारणी. असे आठवड्याच्या अंतराने तीनदा. तेलाची बाटली ११० रुपयांची, आणि ती दोन वर्षे पुरेल.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वहीतील बेरीज ४,२६० झाली. ७४० रुपये उरले. यजमानांनी दारासाठी नवे पायपुसणे सुचवले, मी नकार दिला, आणि ते पैसे मृगाच्या पावसानंतर एक लिंबाचे कलम आणण्यासाठी पाकिटात घालून वहीतच ठेवले. सकाळी गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी आणायला गेले तर कोपऱ्यावरचे झाड फुलोऱ्याने पांढरे झाले होते. परत आले तेव्हा सासूबाई मागच्या अंगणात मोगऱ्यापाशी उभ्या होत्या. चार कुंड्यांत मिळून सात कळ्या उमलल्या होत्या. त्यांनी पाच गुढीला वाहिल्या, एक देवापुढे ठेवली आणि उरलेली माझ्याकडे न पाहता स्वतःच्या अंबाड्यात खोवली.